सिंधुदुर्गात विजेची गाडी आणि चालकाविना गाडी : दोन वेगळे प्रश्न

वाहनांच्या भविष्याविषयी हल्ली दोन गोष्टी एका दमात सांगितल्या जातात. पेट्रोल-डिझेल जाऊन वीज येणार, ही पहिली. आणि स्टिअरिंगमागचा माणूस जाऊन संगणक येणार, ही दुसरी. नव्या गाड्यांच्या जाहिरातींत दोन्ही जोडीनेच येतात, त्यामुळे एक खरी ठरली की दुसरीही ठरणारच, असे वाचणाऱ्याला वाटू लागते. प्रत्यक्षात दोन्हींचा तांत्रिक संबंध थोडाच आहे. विजेच्या मोटारीवर संगणकाला ताबा ठेवणे जरा सोपे जाते, इतकेच. डिझेलची गाडीही चालकाविना चालवता येते, आणि विजेची गाडी माणसाने चालवली म्हणून तिची बचत कमी होत नाही. आठ तालुके, २०११ च्या जनगणनेत साडेआठ लाखांच्या आत राहिलेली लोकसंख्या, समोर १२१ किलोमीटरचा किनारा, पाठीशी सह्याद्रीचे घाट आणि १९९७ पासून पर्यटन जिल्ह्याचा दर्जा, अशा सिंधुदुर्गात हा फरक ओळखणे जास्त गरजेचे आहे. इथे विजेचा प्रश्न तंत्राच्या अंगाने बहुतांशी सुटला आहे आणि आता व्यवस्थेचा उरला आहे. चालकाविना गाडीचा प्रश्न जगातच सुटलेला नाही, आणि मालवण-देवगडच्या रस्त्यांवर तो सर्वांत कठीण रूपात समोर येतो. म्हणून दोन्हींचा आढावा वेगवेगळा घेतलेला बरा.

इथवर कसे आलो

विजेची मोटार भारतात नवी नाही. १९९३ मध्ये ‘लव्हबर्ड’ नावाची दोन आसनांची गाडी निघाली होती. २००१ मध्ये बंगळुरूची ‘रेवा’ आली. दोन्हींची अडचण एकच होती. शिशाची बॅटरी जड होती, थोडे अंतर तोडे आणि लवकर दमे. लिथियम-आयन बॅटरी स्वस्त होत गेली तेव्हा चित्र पालटले, आणि त्याच सुमारास सरकारनेही हात दिला. केंद्राची ‘फेम’ ही अनुदान योजना २०१५ मध्ये सुरू झाली, तिचा दुसरा टप्पा २०१९ मध्ये १० हजार कोटींचा होता, आणि ऑक्टोबर २०२४ पासून तिची जागा ‘पीएम ई-ड्राइव्ह’ने घेतली. विजेच्या वाहनांवरचा जीएसटी ऑगस्ट २०१९ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला. महाराष्ट्राने २०१८, २०२१ आणि २०२५ अशी तीन धोरणे केली. शेवटच्या धोरणात २०३० पर्यंतचे उद्दिष्ट आहे, राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे आश्वासन आहे, आणि अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग व समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारींना व बसना टोलमाफी आहे. सिंधुदुर्गातल्या वाचकाच्या लगेच ध्यानात येईल की या तिन्ही रस्त्यांपैकी एकही त्याच्या जिल्ह्यातून जात नाही.

उत्पादन मात्र महाराष्ट्रातही वाढले. बजाजची विजेवरची ‘चेतक’ आणि टाटांची ‘नेक्सॉन’ दोन्ही जानेवारी २०२० मध्ये बाजारात आल्या. महिंद्राच्या २०२४ च्या नव्या मोटारी चाकणला तयार होतात. २०२४-२५ मध्ये देशात विकल्या गेलेल्या एकूण वाहनांत विजेवरची साडेसात टक्क्यांच्या आसपास होती. पण ही सरासरी फसवी आहे. तीनचाकींत निम्म्याहून अधिक विक्री विजेच्या वाहनांची आणि मोटारींत जेमतेम अडीच टक्के, अशी तिच्या पोटातली वाटणी आहे. ज्याचा पल्ला ठरलेला असतो आणि जो रोजचा हिशोब रोज करतो, तो आधी वळला. नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींतल्या जवळपास नऊ विजेवरच्या होत्या, पण तिथे वाट श्रीमंत मोटारवाल्यांपासून सुरू झाली. आपल्याकडे ती रिक्षावाल्यापासून सुरू झाली, आणि सिंधुदुर्गाचा विचार करताना नॉर्वेपेक्षा हाच धागा कामाचा आहे.

छोट्या पल्ल्याचा हिशोब

जिल्ह्यातला रोजचा प्रवास लहान असतो. मालवण ते कुडाळ तीस किलोमीटरच्या आत, मालवण ते कणकवली पंचेचाळीसच्या आसपास. वाडीवरून बाजारात, बाजारातून बँकेत, मुलांना शाळेत आणि परत, हे सगळे मिळून दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटरही क्वचित होतात. साधी पेट्रोल स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देते असे धरले तर शंभर किलोमीटरला सव्वादोन लिटर, म्हणजे आजच्या भावाने दोनशे तीसेक रुपये लागतात. विजेवरच्या स्कूटरला तेवढ्याच अंतराला तीन ते साडेतीन युनिट पुरतात. युनिटला दहा-बारा रुपये मोजले तरी खर्च चाळीस रुपयांच्या आसपास थांबतो. हा फरक अनुदानावर अवलंबून नाही. अनुदान गेले तरी तो राहतो.

दुसरी जमेची बाजू घरांची आहे. मुंबई-पुण्यात विजेची मोटार घेणाऱ्याची पहिली लढाई सोसायटीशी असते, कारण पार्किंगमध्ये सॉकेट लावू द्यायचे की नाही यावर सभा गाजतात. सिंधुदुर्गात बहुतेक घरांना खळे आहे, पडवी आहे, गाडी उंबऱ्यापर्यंत येते. पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटवरून रात्रभरात पंचवीस-तीस युनिट सहज भरतात. म्हणजे रोजच्या वापरासाठी सार्वजनिक चार्जिंगची वाट पाहावी लागतच नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॉटच्या छतावरील संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. कौलारू छपरावर पॅनेल बसवणे अवघड असते, पण स्लॅबची घरे आता वाड्यावाड्यांत आहेत. पावसाचे चार महिने हा संच मंदावतो, हे मात्र हिशोबात धरलेच पाहिजे.

घाटाची भीती पुष्कळांना वाटते. ‘आंबोली चढताना बॅटरी संपेल’ हे वाक्य हमखास ऐकू येते. त्याचे उत्तर शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. माणसांसह दीड टन वजनाची मोटार दाणोलीकडून आंबोलीपर्यंत साडेसहाशे मीटर वर चढवायला पावणेतीन युनिट ऊर्जा लागते. घर्षण आणि इतर गळती धरून सव्वातीन म्हणा. बॅटरी तीस युनिटांची धरली, तर सपाट रस्त्याच्या नेहमीच्या खर्चाखेरीज घाटाचा हा अधिभार बॅटरीच्या दहा टक्क्यांच्या आसपास पडतो. उतरताना मोटर जनित्रासारखी चालते आणि यातला अर्ध्याहून अधिक भाग बॅटरीत परत येतो. ब्रेकही कमी तापतात, आणि करूळ किंवा फोंडा घाटात भरल्या गाडीने उतरणाऱ्या चालकाला याचे मोल वेगळे सांगायला नको. फक्त घाटमाथ्यावर बॅटरी शंभर टक्के भरून उतरायला लागू नये. भरलेल्या बॅटरीत परत येणारी वीज ठेवायला जागा नसते.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप कोळशाचा. महाराष्ट्रातली बरीच वीज अजून कोळशावर होते, मग धूर मालवणातून उठून चंद्रपूरला गेला, एवढेच ना? आक्षेप खरा आहे, पण पुरता नाही. देशातल्या ग्रीडच्या सरासरीने एका युनिटमागे सातशे ग्रॅमच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो. विजेवरच्या स्कूटरच्या वाट्याला त्यातले किलोमीटरला वीस-पंचवीस ग्रॅम येतात. पेट्रोल स्कूटरच्या धुरांड्यातून पन्नासेक ग्रॅम बाहेर पडतात. मोटारीचे अंतर कमी आहे : लहान विजेची मोटार शंभर ग्रॅमच्या आसपास, पेट्रोलची सव्वाशेच्या पुढे. बॅटरी बनवताना होणारे प्रदूषण यात मिळवले तर मोठ्या, जड विजेच्या मोटारींचा फायदा बराच पातळ होतो. म्हणून ‘विजेची गाडी हिरवी’ हे विधान स्कूटर-रिक्षाबाबत ठामपणे करता येते, अडीच टनांच्या आलिशान गाडीबाबत तेवढ्या ठामपणे नाही. लिथियम आणि निकेल कुठूनतरी खणावेच लागते, हेही विसरू नये. खाण कोणाच्या दारात येते आणि फायदा कोणाच्या, हा हिशोब खाणी पाहिलेल्या रेडी आणि कळण्याच्या लोकांना नवा नाही.

दुसरा आक्षेप खाऱ्या हवेचा व पावसाचा, आणि तो अधिक गंभीर आहे. बॅटरीच्या पेट्या मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवून तपासलेल्या असतात, त्यामुळे पावसात विजेची गाडी झटका देईल ही भीती अनाठायी आहे. पण ती तपासणी गोड्या पाण्याची आणि नव्या गाडीची. देवबाग-तारकर्लीला वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीच्या जोडण्या, नटबोल्ट आणि चार्जिंगची पिन खारे वारे खातातच; किनाऱ्यावर सायकलसुद्धा दोन पावसाळ्यांत गंजते. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात स्कूटरींनी पेट घेण्याच्या घटना घडल्या, त्यातली एक पुण्याची होती. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षिततेचे निकष कडक झाले आणि डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. या निकषांनंतरच्या गाड्या किनारपट्टीवर दहा वर्षे कशा टिकतात, याचा पुरावा अर्थातच अजून हातात येऊ शकत नाही. घराच्या बाजूची त्रुटी मात्र आजच दिसते. जांभ्या कातळात अर्थिंग नीट लागत नाही, जुनी वायरिंग पंखा-बल्बपुरती असते, आणि ऑक्टोबरातल्या विजा कोकणात कशा पडतात ते सर्वांना ठाऊक आहे. गाडीपेक्षा हे सॉकेट जास्त धोक्याचे.

तिसरा आक्षेप वीज जाण्याचा. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळाने जिल्ह्यात खांब आडवे झाले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. अशा वेळी विजेची गाडी दारात उभीच राहील, हे खरे. पेट्रोलपंपाला जनरेटर तरी असतो. दुसऱ्या बाजूने असे दाखवले जाते की नव्या मोटारींतून घराला वीज घेता येते आणि तीस युनिटांची बॅटरी चार दिवे, पंखा व मोबाइल आठवडाभर चालवू शकते. दोन्ही बाजू बरोबर आहेत. ज्या घरात एकच वाहन आहे आणि दवाखाना लांब आहे, त्या घराने सावध राहावे, असा निष्कर्ष यातून निघतो. याहून रोजची अडचण कमी दाबाची आहे. वाडीतल्या एका लहान ट्रान्सफॉर्मरवर रात्री दहा मोटारी एकदम लागल्या तर सगळ्यांचेच दिवे मिणमिणतील. गणेशोत्सवात चाकरमानी उतरले की हे चित्र आधी दिसेल. स्मार्ट मीटरच्या ग्राहकांना दिवसा, सौर ऊर्जेच्या तासांत, वीज सवलतीत मिळू लागली आहे. गाडी दुपारी भरायची सवय लागली तर हा भार बराच विभागेल. पण स्मार्ट मीटरविषयी लोकांच्या मनात असलेला संशय आधी दूर व्हावा लागेल.

राहता राहिली दुरुस्ती आणि बॅटरी. पेट्रोलची दुचाकी कोणताही गॅरेजवाला खोलतो. विजेच्या गाडीचा कंट्रोलर बिघडला तर कुडाळ, नाहीतर थेट कोल्हापूर किंवा पणजी. मोटारींच्या बॅटरीला आठ वर्षांची हमी सर्रास मिळते, दुचाकींत ती तीनपासून आठपर्यंत बदलते, आणि जुन्या गाडीचा भाव नेमका इथेच कोसळतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांसाठी विजेच्या वाहनांच्या यांत्रिकाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनासारख्या संस्थाही यात हातभार लावू शकतात. बॅटरीच्या कचऱ्याचे नियम ऑगस्ट २०२२ मध्ये आले आणि वापरलेली बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली गेली. ती साखळी तालुक्याच्या भंगारवाल्यापर्यंत पोचायला हवी. त्याच्या हाती पडलेली लिथियमची पेटी शिशाच्या बॅटरीसारखी फोडली तर आग लागते.

लांब पल्ला आणि पाण्यावरचा पल्ला

एवढे सगळे रोजच्या लहान प्रवासाचे. देवगडचा हापूस रात्रीत वाशीला पोचवणारा टेम्पो, मालवणची मासळी बर्फात घालून गोवा-कोल्हापूरकडे धावणारी गाडी आणि मुंबईहून पाचशे किलोमीटर येणारा चाकरमानी, यांना विजेने अजून समाधानकारक उत्तर दिलेले नाही. माल जितका नाशवंत तितका थांबा महाग. मोटारीला मुंबई-गोवा महामार्गावर एक-दोन थांबे परवडतात, पण गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत एकाच चार्जरपाशी दहा गाड्या लागल्या तर त्या रांगेचा हिशोब कोणत्याही धोरणात नाही. एसटीचे उदाहरण इथे बोलके आहे. १ जून १९४८ ला पहिली गाडी धावली त्याच पुणे-नगर मार्गावर १ जून २०२२ ला विजेवरची ‘शिवाई’ सुरू झाली, पुढे ५,१५० विजेच्या बस भाडेतत्त्वावर घेण्याचा मोठा करार झाला, आणि तो पुरवठ्याच्या विलंबात अडकला. बस चालते हे सिद्ध झाले. वेळेवर मिळणे, आगारात उच्चदाबाची जोडणी येणे, भाडे परवडणे हे सिद्ध व्हायचे आहे.

शेजारच्या गोव्याचा दबावही येणार आहे. मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी २०२३ मध्ये जाहीर केले की पर्यटनासाठी घेतली जाणारी नवी भाड्याची वाहने जानेवारी २०२४ पासून विजेवरचीच असतील. अंमलबजावणी घोषणेइतकी वेगवान नसते, हे गृहीत धरले तरी मोपा विमानतळावर उतरून वेंगुर्ले-मालवणकडे येणारा पर्यटक विजेच्या टॅक्सीतून येण्याचे प्रमाण वाढत जाईल. त्या टॅक्सीला इथे दुपारच्या जेवणाच्या वेळात चार्जिंग मिळाले नाही तर ती पर्यटकाला घेऊन इथवर येणारच नाही. खानावळ आणि होम-स्टे चालवणाऱ्यांना यात धंदा आहे. पर्यटक जेवायला थांबतो तेवढा वेळ मध्यम वेगाच्या चार्जरला पुरतो.

आणि मालवणचा विचार करताना होडी वगळून चालणार नाही, जरी वाहनांच्या बहुतेक आढाव्यांत ती वगळलेली असते. मालवणच्या जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्यांचा मार्ग ठरलेला, अंतर कोसभरही नाही, फेऱ्या दिवसभर, आणि पावसाळ्यात सेवा बंद. विजेच्या वाहनाला याहून सोयीचे काम शोधून सापडणार नाही. केरळात वैकम-तवणक्कडवू मार्गावर जानेवारी २०१७ पासून ‘आदित्य’ ही ७५ प्रवाशांची सौर होडी चालते. कोचीत एप्रिल २०२३ पासून जलमेट्रोच्या विजेवरच्या बोटी धावतात. मात्र तिथले पाणी बॅकवॉटरचे, शांत. मालवणच्या खडकाळ, लाटांच्या चॅनेलमधून जाणाऱ्या छोट्या होडीला तेच तंत्र जसेच्या तसे लावता येणार नाही; बॅटरीचे वजन होडीच्या तोलावर काय परिणाम करते ते इथल्याच नाखव्यांनी तपासून पाहावे लागेल. केरळची होडी सरकारी जलवाहतूक विभागाने घेतली, इथल्या होड्या व्यावसायिकांच्या स्वतःच्या आहेत, हाही फरक आहे : भांडवल कोण घालणार? रात्रभर खोल समुद्रात राहणाऱ्या ट्रॉलरची गोष्ट वेगळी. त्याला आज तरी डिझेलला पर्याय नाही, आणि तसे आश्वासन कोणी देऊही नये.

चालकाविना गाडी : तीन भूमिका

आता दुसरा प्रश्न. २००४ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने मोजावीच्या वाळवंटात चालकाविना गाड्यांची शर्यत घेतली, तेव्हा एकही गाडी शेवटपर्यंत पोचली नाही. पुढच्याच वर्षी पाच पोचल्या. २००९ मध्ये गूगलने प्रकल्प हाती घेतला, तोच आजचा ‘वेमो’. ऑक्टोबर २०२० मध्ये फिनिक्स परिसरात तिची चालकाविना टॅक्सी लोकांसाठी खुली झाली, २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सर्वांसाठी. यातून आशावाद्यांची भूमिका उभी राहते. ‘स्विस री’ या विमा कंपनीबरोबर वेमोने २०२४ मध्ये केलेल्या अभ्यासात अडीच कोटी मैलांच्या प्रवासात शारीरिक इजेचे दावे मानवी चालकांपेक्षा ९२ टक्क्यांनी कमी आढळले. अभ्यासात कंपनीचा स्वतःचा सहभाग होता, हे लक्षात ठेवूनही आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. भारतात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. यंत्र झोपत नाही, पीत नाही, मोबाइल पाहत नाही. मग त्याला अडवणारे आपण कोण, असा हा युक्तिवाद आहे.

साशंकांचीही बाजू पुराव्यानिशी आहे. मार्च २०१८ मध्ये ॲरिझोनात चाचणीवरच्या गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या बाईला चिरडले. ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जनरल मोटर्सच्या ‘क्रूझ’ कंपनीच्या चालकाविना गाडीने दुसऱ्या वाहनाच्या धक्क्याने पुढे पडलेल्या बाईला काही अंतर फरफटत नेले, परवाना गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये जनरल मोटर्सने त्या टॅक्सी-योजनेतून अंग काढले. ॲपलने दहा वर्षांनी मोटारीचा नाद सोडला. चीनमध्ये मार्च २०२५ च्या एका जीवघेण्या अपघातानंतर सरकारने जाहिरातींतल्या ‘स्वयंचलित’ या दाव्यांना लगाम घातला. साशंक म्हणतात, यंत्र नेहमीच्या प्रसंगांत माणसाहून सरस आहे, पण कधीच न पाहिलेल्या प्रसंगात ते काय करील हे त्याच्या निर्मात्यालाही सांगता येत नाही.

तिसरी भूमिका मधली आहे, आणि भारतातली बाजारपेठ सध्या तिच्याच मागे आहे. गाडी चालवायची माणसानेच, यंत्राने फक्त सावध करायचे व अगदी वेळ आल्यास ब्रेक दाबायचा. महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० ने २०२१ पासून अशा सोयी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणल्या. जुलै २०२५ मध्ये मुंबईत दालन उघडणाऱ्या टेस्लानेही ‘पूर्ण स्वयंचालन’ या नावाने सहा लाखांना विकायला ठेवलेली सोय चालकाने सतत लक्ष ठेवावे या अटीचीच आहे. या भूमिकेवरचा आक्षेप असा, की अर्धवट मदत माणसाला गाफील करते. हात सोडायला शिकलेला चालक नेमक्या क्षणी परत हात घालील का? प्रयोगांतून दिसते की पुष्कळदा उशीर होतो.

कोकणातला रस्ता

या तिन्ही भूमिका सिंधुदुर्गाच्या रस्त्यावर आणून ठेवल्या की त्यांचे वजन बदलते. चौपदरी महामार्ग सोडला तर जिल्ह्यातले बहुतेक रस्ते दीड गाडीच्या रुंदीचे आहेत. पांढरे पट्टे असले तर एका पावसात जातात, त्यामुळे पट्टे पाहून गाडी मधोमध ठेवणारी सोय इथे निकामी होते. वळणावर हॉर्न वाजवायचा, समोरच्याने उत्तर दिले तर थांबायचे, चढणाऱ्याला आधी जागा द्यायची (हे तर नियमातही आहे), अरुंद साकवावर हाताच्या इशाऱ्याने ठरवायचे, आणि गरज पडल्यास एकाने गाडी मागे घ्यायची : हा सगळा व्यवहार दोन माणसांतला आहे. त्यात डोळ्यांची भेट लागते. त्यावर आंबोलीचा पाऊस, ज्यात दहा फुटांपलीकडचे दिसत नाही आणि कॅमेऱ्यांनाही दिसत नाही. लेसरचे किरणही धुक्यात व धारांत विखुरतात. वेमो जिथे चालते तिथला इंच न् इंच आधी मोजलेला असतो. भारतात रस्त्यावरून असे सूक्ष्म सर्वेक्षण करण्याची मुभा फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनुसार फक्त भारतीय संस्थांना आहे, आणि चिंदर-मसुऱ्याच्या वाड्यांचे रस्ते मोजण्यात कोणत्या कंपनीला पैसा दिसेल?

यावर आशावादी म्हणतील, आज जमत नाही ते उद्या जमेल. भोपाळच्या ‘स्वायत्त रोबोट्स’सारख्या कंपन्या नकाशाशिवाय, पट्ट्यांशिवाय गाडी चालवण्याचेच प्रयोग करत आहेत, हैदराबादच्या आयआयटीत २०२२ पासून त्यासाठी खास चाचणी-क्षेत्र आहे. हे प्रयोग मोलाचे आहेत. पण अंदाज बांधायला जिल्ह्यापाशी स्वतःचा पुरावा आहे, आणि तो रुळांवरचा आहे. रेल्वेला वळायचे नसते, समोरून कोणी आडवे येत नाही, सिग्नल एकाच नियंत्रणाखाली असतात. स्वयंचलनाला याहून सोपी जागा नाही. कोकण रेल्वे महामंडळाने १९९९ नंतर बी. राजाराम यांच्या पुढाकाराने टक्कररोधक यंत्र तयार केले. ते ईशान्येकडे आजमावले गेले, अडचणी निघाल्या, आणि आज देशभर बसवले जाणारे ‘कवच’ वेगळ्या वाटेने घडून २०२० मध्ये राष्ट्रीय प्रणाली ठरले. दोन दशके गेली आणि काम अजून चालूच आहे. त्याहून बोलका प्रसंग २२ जून २००३ चा. वैभववाडीजवळ मुंबईकडे जाणारी गाडी दरडीच्या दगडांवर आदळली आणि पन्नासहून अधिक प्रवासी दगावले. त्यानंतर डोंगरकापांचा उतार कमी केला, जाळ्या बसवल्या, पर्जन्यमापक आणि सूचना देणारी उपकरणे लावली. पण आजही पावसाळ्यातली सुरक्षितता मुख्यतः दोन गोष्टींवर उभी आहे : पावसाळी वेळापत्रकातला कमी वेग आणि रात्रंदिवस रुळांवरून चालणारे गस्तीचे कर्मचारी. रुळांवर हे, तर रस्त्यावर काय, हा प्रश्न साशंकांच्या बाजूने झुकतो.

समुद्रावर मात्र चित्र थोडे वेगळे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘सागर डिफेन्स’ या भारतीय कंपनीची ‘मातंगी’ ही चालकाविना नौका मुंबईहून सुमारे १,५०० किलोमीटरवरच्या थुत्तुकुडीकडे निघाली. तिचा मार्ग याच किनाऱ्यासमोरून जाणारा. मोकळ्या पाण्यात जागा भरपूर आणि वेग कमी. अडचण किनाऱ्याजवळ येते, जिथे जाळ्यांचे बोये लाटांत जेमतेम दिसतात. तारकर्लीच्या मच्छीमाराची जाळी फाटली तर भरपाई कोणाकडे मागायची, हे कुठे लिहिलेले नाही.

जबाबदारी आणि रोजगार

भरपाईचा प्रश्न रस्त्यावरही तसाच अनुत्तरित आहे. १९८८ चा मोटार वाहन कायदा चालक आहे असे धरूनच लिहिला गेला : परवाना त्याचा, गुन्हा त्याचा, दावा मालक व विमा कंपनीवर. २०१९ च्या दुरुस्तीने संशोधनासाठी काही वाहनांना कायद्यातून सूट देण्याची तरतूद आली. ती चाचणीपुरती आहे. संगणकाच्या चुकीला मालक, निर्माता की आज्ञावली लिहिणारा जबाबदार, यावर आपल्याकडे कायदा नाही.

रोजगाराबाबत केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ पासून, आणि डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात पुन्हा, स्पष्ट म्हटले आहे की चालकांच्या पोटावर येणारी चालकाविना गाडी ते भारतात येऊ देणार नाहीत. टीकाकारांचे म्हणणे असे की बंदीने तंत्र थांबत नाही, ते फक्त परदेशात पिकते आणि मग महाग विकत घ्यावे लागते. दोन्हींत तथ्य आहे. मात्र वीज आणि स्वयंचलन यांतला फरक रोजगाराच्या बाबतीत सर्वांत ठळक दिसतो, आणि त्याचे उदाहरण माथेरानचे आहे. तिथे सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षा प्रयोग म्हणून आल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ती ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देण्यास सांगितले. घोडेवाल्यांचा विरोध होता व त्यांची भीती खोटी नव्हती. पण या वाटेने ओढणारा माणूस चालक होतो, बेकार होत नाही. विजेने कामाचे स्वरूप बदलते. चालकाविना गाडीने ते काम संपते. पर्यटनावर उभ्या राहिलेल्या सिंधुदुर्गात रिक्षावाला आणि टॅक्सीवाला वाटाड्याही असतो, हे लक्षात घेतले तर इथे घाई करण्याचे कारणच दिसत नाही.

यावर एक रास्त हरकत येईल : मग रस्त्यावर मरणाऱ्यांचे काय? २०२२ च्या मृतांत सुमारे ४४ टक्के दुचाकीस्वार होते. चालकाविना मोटार त्यांच्यापैकी काहींना वाचवील. पण चांगले ब्रेक, हेल्मेट, वळणावरचे आरसे, रात्री रस्त्यावर बसणाऱ्या गुरांचा बंदोबस्त आणि साइडपट्ट्यांची भर यांनी त्याहून कितीतरी अधिक जीव वाचतील, आणि त्यातले काहीही शोधून काढायचे शिल्लक नाही. मोटारीत व बसमध्ये आपोआप ब्रेक लावणारी सोय याच यादीत बसते. पट्ट्यांवर अवलंबून असलेल्या सोयी बसत नाहीत.

अनिर्णित गोष्टी अजून पुष्कळ आहेत. खाऱ्या हवेत बॅटरीचे आयुष्य, वाडीच्या ट्रान्सफॉर्मरची ताकद, होड्यांचे भांडवल, मालवाहतुकीचा पल्ला, अपघाताची जबाबदारी. पण त्यांची वाट पाहत सगळेच निर्णय लांबवण्याची गरज नाही. स्कूटर, रिक्षा आणि जेटीवरची होडी यांच्यासाठी जिल्ह्याने आता पुढे व्हावे; टेम्पो आणि ट्रॉलरसाठी थांबावे; चालकाविना गाडीच्या आश्वासनावर एक रुपयाही गुंतवू नये. यंदा दुचाकी बदलणार असाल तर विजेवरची जरूर पाहा, मात्र सेवा केंद्र किती किलोमीटरवर आहे ते विचारा, बॅटरीची हमी लेखी घ्या, आणि गाडी दारात येण्याआधी जाणत्या वायरमनकडून घराचे अर्थिंग तपासून घ्या.